मानेकडचा तुकडा

ता. ३ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. हा नमस्कार सवयीनं लिहिला आहे, फार मनावर घेऊ नकोस. मोठ्या भावाला पत्र लिहिताना आधी वाकायचं आणि मग बोलायचं, हे बाबांनी लावलेलं वळण. वाकून झालं.

इकडे बाबांची तब्येत बरी आहे. उजवा कान हातोड्यांनी केव्हाच नेला होता, आता डावाही गेला. मी पाटीवर लिहिते आणि ते खणखणीत आवाजात उत्तर देतात, त्यामुळे आमच्या घरातलं निम्मं बोलणं शेजाऱ्यांना पाठ झालं आहे. गुडघे दुखतात, पण जिना चढतात. परवा स्वयंपाकघराच्या दाराची कडी सैल झाली होती, ती त्यांनीच ठोकून दिली. तीन ठोक्यांत काम झालं होतं तरी चौथा मारला. वहिनीला नमस्कार सांग, मुलींना पापा.

खुशाली संपली.

परवा फोनवर तू म्हणालास, ई-मेल करू नकोस, लिहिलेलं मागे राहतं. म्हणून मी मुद्दाम कागद आणि शाईचं पेन घेऊन बसले आहे. राहू दे मागे.

गुरुवारी भट्टीवाल्या काकांना घरी पाठवलं. चौतीस वर्षं त्या भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. तू मुख्य कचेरीत बसून पत्रावर सही केलीस आणि ते त्यांच्या हातात ठेवायचं काम गेटवरच्या पहारेकऱ्यावर सोपवलंस. काकांचा चष्मा कपाटात होता आणि कपाटापर्यंत त्यांना जाऊ देत नव्हते. म्हणून त्यांनी मला हाक मारली आणि पत्र वाचायला दिलं. मी वाचलं, दादा. गेटवर उभी राहून, मोठ्यानं. 'भट्टीचे तापमान राखण्यात हलगर्जीपणा.' ज्या माणसानं तुला भट्टीच्या दारातून धातूचा रंग ओळखायला शिकवलं, त्याला तू हलगर्जी म्हटलेलं मी त्यालाच वाचून दाखवलं.

ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "सही त्याचीच आहे ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी कागदाची घडी घातली, सायकल काढली आणि गेले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, या म्हणीचा वाक्यात उपयोग करा असा प्रश्न शाळेत यायचा. मला कधी नीट जमला नाही. तू करून दाखवलास.

तो तुटलेला दांडा माझ्या टेबलावर आहे, दोन तुकड्यांत, प्लास्टिकच्या डबीत. तू हल्ली तक्तेच बघतोस, म्हणून सांगते तो कसा दिसतो. मांडीच्या हाडात बसवायचा आपला नेहमीचा दांडा, वरचं टोक जिथे खुब्याचा गोळा बसतो ती मान, आणि खाली निमुळती होत गेलेली शेपूट. तुटला आहे मानेच्या बुडाशी. ज्या बाईंच्या मांडीतून तो काढला त्या बसच्या कंडक्टर आहेत, वय चौपन्न. त्या पडल्या नाहीत, कशावर आदळल्या नाहीत. स्वतःच्याच बसच्या पायरीवरून उतरत होत्या.

रुग्णालयाच्या समितीनं तेवीस तारखेपर्यंत खुलासा मागितला आहे. प्रयोगशाळेचा अहवाल माझ्या सहीनं जायचा, आणि त्याचं शेवटचं वाक्य तू मला तयार करून पाठवलं आहेस: 'सदर दोष त्या एका दिवशी भट्टीवरील कामगाराच्या चुकीने झालेल्या अतितापामुळे उद्भवला असून इतर उत्पादनात तो आढळत नाही.' वाक्य शुद्ध आहे. त्यातला 'अतिताप' सोडला तर खरं काहीच नाही.

तुला हे शिकवायची वेळ माझ्यावर यावी याचाच मला जास्त राग येतो. हा धातू नुसता तापवून ताकदवान होत नाही. त्याची ताकद दाबण्यात आहे. किती उष्णतेला दाबला, किती दाबला, कुठल्या कुठल्या बाजूंनी दाबला, यावर आत काय घडतं ते ठरतं. एक ठरावीक उष्णता असते, घडाईच्या शॉपमध्ये आपण तिला नुसतं 'रेघ' म्हणायचो. रेघेच्या वर गेलं की आतली जुनी रचना पुसली जाते आणि निवताना लांबच लांब पट्ट्या तयार होतात, एकीला एक चिकटून. रेघेच्या खाली राहून नीट दाबलं, तर त्याच पट्ट्या वाकतात, तुटतात, आणि माझ्या भिंगाखाली मोहरीसारखे गोल दाणे दिसतात. दाणे बारीक असले की भेगेला सुरू व्हायला जागा मिळत नाही. पट्ट्या एकाच दिशेनं पडल्या असल्या की धातू त्यांच्या लांबीभर आतल्या आत सरकतो, पावलागणिक कणभर, आणि तिथे भेग धरते. ओढून तोडलं तर दोन्हींत फारसा फरक नाही. कडकपणा मोजला तरी नाही. फरक कळतो तो माणूस लाखो पावलं चालल्यावर.

बाबा रेघेच्या खाली तीनदा तापवायचे आणि दर वेळी कूस बदलून दाबायचे. प्रेस कुरकुरायचा, साचे झिजायचे, दिवसाला दांडे कमी निघायचे. तीन वर्षांपूर्वी शॉप तुझ्या हातात आलं आणि तू भट्टी रेघेच्या वर चाळीस अंश चढवलीस. धातू लोण्यासारखा मऊ झाला, एका दाबात साचा भरायला लागला, साचे टिकले, आणि तुला बढती मिळाली. काकांनी माझ्यादेखत तुला विरोध केला होता. तू म्हणालास, जमाना बदलला. जमाना बदलला असेल. रेघ होती तिथेच आहे.

आणि दाराशेजारची फळी आठवते का? ज्याच्या हातून नग बिघडला, त्यानं स्वतःच्या हजेरीचा नंबर आकड्यांच्या पोलादी पंचानं त्या नगावर ठोकायचा आणि तो फळीवर ठेवायचा. दुसऱ्यानं ठोकायचा नाही, ज्याचा त्यानंच. मग त्याला कोणी एक शब्द बोलायचं नाही. बाबांचा सतरा नंबर तिथे चार वेळा होता. तुझा एक्केचाळीस दोनदा होता. पाहुणे बघतात म्हणून तू साहेब झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ती काढून टाकलीस. काकांचा नंबर एकोणतीस आहे. फळी असती तर या दांड्यावर एकोणतीस ठोकायला तू स्वतः गेटवर आला असतास का?

माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरबद्दल मी या पत्रात काही लिहीत नाही.

काकांना परत बोलाव. ते वाक्य मी घालणार नाही. उत्तर कागदावर दे.

तुझी,
छोटी


ता. ११ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग या वेळी वगळला आहे, कंबर धरली आहे.

बाबा बरे आहेत. कडी पुन्हा सैल झाली.

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं आणि सही नसलेलं. वकिलानं वाचून दिलं असणार, कारण तुझ्या हातून इतके स्वल्पविराम पडत नाहीत. तीन पानांत 'कंपनीचे हित' सात वेळा आणि काका एकदाही नाहीत. पण दुसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य तुझं स्वतःचं आहे, ते मी ओळखलं: 'नमुना शेपटीतून कापायचा हा नियम कोणी काढला, ते आधी आठव.'

मी काढला. घे, माझ्या अक्षरात लिहून दिलं.

सहा वर्षांपूर्वी. तेव्हा दर तुकडीतला एक चांगला दांडा मानेपाशी कापून मी तपासायची आणि तो भंगारात जायचा. बाबांना ते बघवत नसे. तयार दांडा कापताना ते उठून बाहेर जायचे. मीच सुचवलं की शेपटीला पुढे जो जास्तीचा बोटभर तुकडा राहतो, तो तसाही कापून टाकतो, त्यातूनच नमुना घेऊ. बाबांचा दांडा मानेपासून शेपटीपर्यंत एकसारखा असायचा, कुठूनही कापला तरी तेच दाणे. त्या दिवशी शॉपमध्ये सगळ्यांनी माझं कौतुक केलं. भिंगताई नाव तेव्हाच पडलं.

मग तू भट्टी चढवलीस, आणि माझा नियम तसाच राहिला. पातळ शेपूट साच्यात जाईपर्यंत थोडी निवते, रेघेच्या खाली येते, आणि सगळ्यात जास्त दाबलीही तीच जाते. तिथल्या पट्ट्या तुटतात. मान जाड. तिथली उष्णता उतरत नाही आणि साच्याला टेकलेला धातू जागचा हलतही नाही. म्हणजे शेपटीचा फोटो उत्तम आणि मान जशीच्या तशी. तीन वर्षं मी शेपटीचे फोटो काढून खाली सही करते आहे. पहारा माझा आणि चोरी माझ्या डोळ्यांदेखत. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. हे मला तू सांगायला नको होतंस. मला स्वतःला सुचायला हवं होतं.

पण तुला जे वाटलं की हे वाक्य वाचून मी गप्प बसेन, ते चुकलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी कोठारात गेले आणि वेगवेगळ्या महिन्यांचे सहा तयार दांडे उचलून आणले. परवानगी घेतली नाही. कोठारवाल्यानं विचारलं, कशाला हवेत, तर म्हटलं, मान कापायला. तो हसला. त्याला वाटलं मी चिडून बोलते आहे.

सहाही मानेपाशी कापले, पॉलिश केले, आम्ल लावलं. सहाही मानांत पट्ट्या. सहाही शेपट्यांत दाणे. त्यातले दोन दांडे काका आजारपणाच्या रजेवर असतानाचे आहेत, भट्टीवर दुसराच माणूस होता. एका दिवसाची चूक म्हणतोस ना? तीन वर्षांचा तो एक दिवस आहे.

शनिवारी मी त्या कंडक्टर बाईंना भेटायला रुग्णालयात गेले. तसं जायचं नसतं, मला माहीत आहे, लिहून ठेव आणि वकिलाला दाखव. दुसरं ऑपरेशन झालं आहे, पाय दोरीला टांगलेला. खिडकीत त्यांनी कामावरची शिट्टी ठेवली होती. मी म्हटलं, मी दांडा बनवणाऱ्या कारखान्यातून आले आहे. मला वाटलं शिव्या देतील. मी त्या खायच्या तयारीनं गेले होते.

त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं हो. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं होतं. आणि मी पायऱ्या फार चढउतर केल्या. तुमच्या वस्तूची नासाडी झाली."

दादा, आमच्या वस्तूची नासाडी झाली म्हणून त्या माझी माफी मागत होत्या. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. त्या बाईंना वाटतं त्यांचं चुकलं. काकांनाही वाटायला लागलं आहे की कदाचित कधीतरी काटा वाचण्यात आपलीच नजर चुकली असेल, परवा त्यांनी मला तसं विचारलं. ज्यांचं काही चुकलं नाही ते रात्रंदिवस स्वतःला तपासत बसले आहेत, आणि तू स्वल्पविराम तपासतो आहेस. मला तुझा इतका राग आला की मी जिन्यातच तुला फोन लावला. तू उचलला नाहीस ते बरंच झालं.

काल वहिनीचा फोन आला. तू करायला लावलास की तिनं आपणहून केला, मी विचारलं नाही. म्हणाली, काठी मारून पाणी दुभंगत नसतं, भावाबहिणीचं आहे, एक वाक्य इकडचं तिकडे केलं तर कोणाचं काय जातं. मी तिला विचारलं, तो दांडा तुझ्या आईच्या मांडीत असता तर? ती मग म्हणाली, मुलींच्या शाळेचं वर्ष संपेपर्यंत तरी थांब. ती वाईट नाही. तिला पट्ट्या आणि दाणे ठाऊक नाहीत. तुला आहेत.

तू तुझ्या पत्रात खालच्या ड्रॉवरबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. शेपटीचा नियम काढलास, बाबांचं म्हातारपण काढलंस, माझं लग्न न झाल्यानं मी कशी हट्टी झाले तेही काढलंस. ड्रॉवर मात्र नाही. मीही लिहिलं नाही. त्या बाबतीत आपण सख्खे भाऊबहीण शोभतो.

छोटी


ता. १९ नोव्हेंबर

दादा,

आज नमस्कार नाही, खुशाली नाही. सरळ ड्रॉवर उघडते.

पावणेतीन वर्षांपूर्वीचा मार्च. मानेवर चरा पडलेला एक दांडा भंगारात चालला होता. मी तो सहज मागून घेतला आणि किती दिवसांत मान पाहिली नाही म्हणून मानेपाशी कापला. भिंगाखाली विस्कटलेल्या चटईसारखी जाळी दिसली, पट्ट्याच पट्ट्या. दाणा औषधालासुद्धा नाही. त्या रविवारी तू आणि वहिनी घरी आला होतात. बाबा आत झोपले होते. मी तुला गॅलरीत नेऊन फोटो दाखवला. तू चहा पीत होतास. तू फोटो हातातही घेतला नाहीस. म्हणालास, "शेपूट चांगली आहे ना? मग मान कशाला कापतेस?"

 तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस, लहानपणी मारायचास तशी, आणि आत गेलास.

मी तो तुकडा कागदात गुंडाळला, वर तारीख घातली आणि खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तारीख का घातली? त्या प्रश्नावर मी आठ दिवस विचार करते आहे. विसरायचं असतं तर घातली नसती. आणि बोलायचं असतं तर ड्रॉवरमध्ये ठेवला नसता. तुझी मला भीती नव्हती. तू मला हाकलून दिलं नसतंस. मला तुझी टपली आवडली होती. बाबांनंतर शॉपमध्ये तू साहेब आहेस याचा मला अभिमान होता, आणि तो मला मोडायचा नव्हता. बस, एवढंच. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी मी तीन वर्षं शेपटीचे फोटो काढत बसले.

कंडक्टर बाईंच्या दांड्यावर तुकडीचा क्रमांक आहे. तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घडवला. म्हणजे माझ्या ड्रॉवरनंतर पाच महिन्यांनी. मार्चमध्ये मी तोंड उघडलं असतं तर त्या आज बसमध्ये शिट्टी वाजवत असत्या. त्या मार्चनंतर आपल्या गेटमधून दोन हजार सहाशे दांडे बाहेर गेले आहेत. ते सगळे कोणाच्या ना कोणाच्या मांडीत आहेत आणि ती माणसं आत्ता चालत असतील.

गेल्या दोन पत्रांत मी तुझ्यावर एवढी का ओरडले ते आता कळलं असेल. निम्मा राग तुझा होता. निम्मा माझा होता आणि तोही मी तुझ्याच पत्त्यावर पाठवत होते.

काल बाबांना सांगितलं. आधी पाटीवर लिहायला गेले, पण एवढं पाटीवर मावत नाही. म्हणून मानेचा फोटो त्यांच्या हातात दिला. तुला ठाऊक आहे, त्यांना माझ्या भिंगातलं काही कळत नाही, ते म्हणायचे की धातू कसा झाला ते मला हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून कळतं. तरी त्यांनी फोटो उजेडात धरला, लांब केला, जवळ आणला. मग शेपटीचा फोटो मागितला. दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. आणि मानेच्या फोटोवर बोट ठेवून सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हा कोणी ठोकला?"

मी पाटीवर लिहिलं, दादानं.

त्यांनी मानेच्या फोटोवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "हा ठोकलेलाच नाही."

बाकी काही विचारलं नाही. तुझ्याबद्दल वाईट बोलले नाहीत, तुला ते ऐकायचं असेल म्हणून सांगते. मी पाटी पुसून ड्रॉवरचं लिहिलं. मार्च, गॅलरी, तारीख, सगळं. त्यांनी वाचलं आणि पाटी खाली ठेवली. मला वाटलं आता ते माझ्याशी बोलायचे नाहीत. ते उठले, गुडघे धरत माळ्याखालच्या पेटीपाशी गेले आणि पंचांचा जुना डबा काढून आणला. शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे, तेल लावून ठेवलेले. हातोडीही आणली. ते माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "ज्याचा त्यानंच."

ड्रॉवरमधला तुकडा मी घरी आणलाच होता. तो दोन भागांत कापलेला आहे. ओट्यावर फडकं घातलं आणि दोन्ही भागांवर माझा नंबर ठोकला. त्रेसष्ट. हा धातू किती कठीण आहे ते मी आजवर भिंगातूनच पाहिलं होतं. सहा उठवायला चार ठोके लागले, तीन उठवायला पाच. दुसऱ्या भागावरचा तीन थोडा तिरपा आला. तुकडा बाबांनीच धरून ठेवला होता.

अहवाल आज सकाळी गेला. एक प्रत रुग्णालयाच्या समितीला, एक परवाना देणाऱ्या खात्याला. आज जाईल, उद्या जाईल असं करत मी तेवीस तारखेची वाट पाहिली नाही, कारण मला माझा भरवसा नव्हता. त्यात सहा माना आहेत, सहा शेपट्या आहेत, भट्टीच्या चाळीस अंशांचा तुझा लेखी हुकूम आहे. शेपटीचा नियम माझा होता हेही आहे. आणि शेवटचा नमुना क्रमांक सात, ड्रॉवरमधला, तारखेसकट. त्यापुढे मी लिहिलं आहे, 'ही रचना मी त्या दिवशी पाहिली होती आणि कळवली नाही.' तुझं नाव त्या ओळीत घातलेलं नाही. गॅलरीत काय झालं ते मी लिहिलेलं नाही. तू भित्रा आहेस हे खात्याला कळवणं माझं काम नाही.

ज्यांच्या मांडीत ते दांडे आहेत त्यांना बोलावून तपासायला लागेल, असं अहवालात सुचवलं आहे. कारखाना काही दिवस बंद होईल. कदाचित कायमचा. शॉपमधली माणसं मला शिव्या देतील, काही आत्ताच देत आहेत. कोठारवाला आता हसत नाही.

काकांकडे संध्याकाळी गेले होते. त्यांना अहवाल मोठ्यानं वाचून दाखवला, चष्मा जवळ असूनही ते म्हणाले तूच वाच. भट्टीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, म्हणजे माझी नजर बरी होती. मी म्हटलं, हो. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला. त्यानंतर आम्ही सायकलीच्या चेनबद्दल बोललो.

त्रेसष्ट नंबरचा एक अर्धा तुकडा मी कारखान्याच्या दाराशेजारी ठेवला आहे. फळी नाही, म्हणून हजेरीच्या यंत्रावर ठेवला. दुसरा अर्धा या पाकिटात आहे. माझा नंबर मी मुद्दाम डाव्या कडेला ठोकला आहे. उजवीकडे जागा आहे. दोन आकडे बसतील एवढी.

पंचांचा डबा टेबलावरच ठेवला आहे. बाबा तो पेटीत परत ठेवू देत नाहीत. समितीसमोर सोमवारी सकाळी दहाला बोलावलं आहे, मी घरून नऊला निघेन. त्याआधी आलास तर दार उघडं असेल, कडी तशीही लागत नाही. नाही आलास तर तुकडा टाकून देऊ नकोस. जवळ ठेव.

तुझी छोटी,
नंबर त्रेसष्ट